चिठ्ठीतली पांढरी रेघ

खिशात मावतील असे छोटे प्रिंटर मी दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की त्याच्यापुढे ज्ञान पाजळतो. आत शाई नसतेच, हे माझं आवडतं वाक्य. बॅटरी, इवलीशी मोटर, रबरी रूळ आणि एक पट्टी. पट्टीवर एका ओळीत चारशेच्या आसपास बारीक ठिपके. हवा तो ठिपका क्षणभर तापतो, तेवढाच कागद काळा होतो आणि रूळ कागद पुढे सरकवतो. करामत सगळी कागदाची. ऊब लागली की तो काळवंडतो, मग ती कशाची का असेना.

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला, तेव्हा असाच एक प्रिंटर मी त्याला दिला. वहिनींना कागदावर गरम चमचा फिरवून काळी रेघ काढून दाखवली आणि वर फुशारकी मारली. दादा मोबाइलवर लिहायचा, चिठ्ठी बाहेर यायची. मशीन स्वस्तातलं, महिन्याभरात पट्टीतला एक ठिपका मेला. प्रत्येक चिठ्ठीतून वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ जायला लागली. पट्टी बदलून देतो म्हटलं, तर दादानं छापून दिलं, ‘वाचता येतंय. राहू दे.’

तो गेल्यावर ते मशीन मी दुकानात आणलं, नवी पट्टी बसवली आणि पावत्यांना वापरायला लागलो. त्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी वहिनी दुकानात आल्या. हातात एक चिठ्ठी होती. दादाला शेवटचं हॉस्पिटलात नेलं, त्या सकाळची. ‘तू जेवून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.’ अक्षरं फिकी पडत चालली होती. ओळखपत्राला घालता तसं प्लास्टिक घालून द्याल का, त्यांनी विचारलं. त्यात काय एवढं, म्हटलं, दुपारी घरी आणून देतो.

लॅमिनेशन माझं रोजचंच. फोनवर कुणालातरी शाई नसते हेच समजावत मी चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घातली आणि मशीनमध्ये सरकवली. ते मशीन म्हणजे दोन तापलेले रूळ. पलीकडून चिठ्ठीची काळीकुट्ट पट्टी बाहेर आली. एक अक्षर शिल्लक नव्हतं. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

तेव्हाच उठून वहिनींकडे जायला हवं होतं. पण शब्द मला पाठ होते, प्रिंटर दादाचाच होता. मी तेच दोन ओळींत लिहिलं, छपाई मुद्दाम फिकी ठेवली, कडा बोटांनी चोळून जुन्या केल्या. या वेळी वर गार, चिकटवायचं प्लास्टिक लावलं. अक्कल आली ती अशी उशिरा, आणि भलत्याच कामाला.

दुपारी घरी वहिनींनी चिठ्ठी खिडकीपाशी नेली. आता वर्षानुवर्षं टिकेल, असं मी मागून सांगत होतो. त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा उघडून बाकीच्या शेजारी मांडल्या. प्रत्येकीत, त्याच जागी, ती पांढरी रेघ होती.

“रेघ कुठे गेली, भाऊजी?”

प्लास्टिकमुळे भरून आली असेल, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो. चमचा फिरवून दाखवणारा हाच माणूस. त्यांनी जुन्यातली एक चिठ्ठी उचलून माझ्यासमोर धरली. शेवटी मी खिशातून काळी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मान काही वर होईना.

त्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“ह्यांना बोलता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “तरी मला कधी फसवलं नाही. तुम्हाला तर आवाज आहे.”

काळी पट्टी त्यांनी नीट डब्यात, सगळ्यांत वर ठेवली. दुसरी माझ्या हातात दिली. “ही तुमची.”

ती दुकानात माझ्या खणात आहे. खण उघडला की दिसतेच. गार प्लास्टिक लावल्यामुळे होती त्याहून अजून जराही फिकी झालेली नाही.