जयवंताचा मुराळी

कवी आनंदरावांची जन्मशताब्दी नागपुरात चौऱ्याहत्तर साली झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाल घ्यायला रक्ताचं माणूस हवं, असं समितीच्या भैयाजींनी ठरवलं आणि ते शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी मराठीचा मास्तर. नाही म्हणायची सवय नाही, कुरकुरायची मात्र भरपूर.

आनंदरावांना एकच बहीण, जयवंता. तिच्यावरच्या त्यांच्या कविता अख्ख्या विदर्भाला पाठ. पण नरखेडकडे, जिथे तिला दिली होती, तिथे जयवंता कुणालाच ठाऊक नव्हती. महिनाभर एसटीचे धक्के खाल्ल्यावर माझी बायको कांता म्हणाली, "लग्नात नाव नसंन का बदललं? माहं नाही बदललं तुम्ही?" मग मी 'नागपूरवाली सून' विचारत फिरलो आणि पत्ता लागला. ती केव्हाच वारली होती. तिची लेक अंजनाबाई होती, सत्तरीची, संत्र्याच्या बागेत राहणारी.

बाग बहराने पांढरी झाली होती. त्या वासात आपण कोणत्या सालात उभे आहोत, तेच मला नीट उमजेना. अंजनाबाई झाडाखाली बसल्या होत्या.

"आजी, नागपूरहून आलो. तुम्हाले न्यायले."

त्यांनी कपाळावर हात धरून मला न्याहाळलं.

"मामानं धाडलं?"

मामाला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांनाही ते माहीत होतं.

"दिवाळी आली का माय बांधावर जाऊन बसे," त्या म्हणाल्या. "मुराळी येईन, मले माहेरी नेईन म्हणे. मामा काही आला नाही. त्याच्या कविता येत. शाळेतले पोट्टे म्हणत, माय आयकून रडे."

मला आनंदरावांचा संताप आला. बहिणीवर कविता करायला सवड होती, बंडी जुंपायला नव्हती.

"मायच्या बदली मी येतो," अंजनाबाई म्हणाल्या. "शाल-बिल राहू दे. तिच्या माहेरी एक दिवस राहीन."

ते घर पाडून तिथे लॉज उभा राहिला होता. परतीच्या एसटीत मी कसंबसं सांगून टाकलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या पदराला अजून बहराचा वास होता.

"तुहं घर त असंन ना गा," त्या म्हणाल्या.

दारात कांताने त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. वरणभातावर तुपाची धार धरली, त्या पुरे म्हणेपर्यंत. जेवून अंजनाबाई माजघरात आडव्या झाल्या. झोपेत त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता.

संध्याकाळी समारंभासाठी भैयाजींची रिक्षा दारात आली. तिकडे व्यासपीठावर खुर्ची मांडली होती, लोक जमले होते. मी हाक मारायला वाकलो, तर कांताने माझा हात धरला.

"माहेरी आलेल्या लेकीले कोणी उठवते का जी?"

मी रिक्षा परत पाठवली.