मी शंख होतो, साप झालो

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना? त्यावरून तर एका घरात अबोला आला!

मुळात मी समुद्रातला शंखात राहणारा जीव. मेलो, चिखलात गाडला गेलो आणि हळूहळू दगड झालो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एक कडा ढासळला, तेव्हा बाहेर पडलो. तिथले लोक म्हणत, एका साध्वीने गावातल्या सापांचे दगड केले, तेच हे. पण माझ्या वेटोळ्याला डोकं कुठे होतं? मग एका कारागिराने सापाचं डोकं कोरलं, अगदी डोळ्यांसकट. प्रवासी मला कौतुकाने हाताळू लागले आणि मीही फुशारलो.

पुढे मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनाघराचं दार अडवायला मला टाकलं. वर्षानुवर्षं बुटांच्या ठोकरा खाल्ल्या. शेवटी थिर्झाबाईंनी उचललं. त्या तिथेच दर रविवारी मुलांना बायबल शिकवत. त्यांनी मला घरी नेऊन धुतलं, खिडकीत ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीव आहे. देवानं सृष्टी अशीच घडवली, सावकाश, एका जीवातून दुसरा."

त्यांचे वडील जेबेझ हे म्हातारे कोळी, कडव्या बाप्टिस्ट पंथातले. बायबलात म्हटल्याप्रमाणे सृष्टी सहा दिवसांत झाली, हे त्यांचं ठाम मत. लेकीचं बोलणं कानावर गेलं आणि त्यांनी तिच्याकडचं रविवारचं जेवण सोडलं. थिर्झाबाई तरीही त्यांचं पान वाढून ठेवत. ते झाकलेलं पान बघून मला फार वाईट वाटे.

मग सुगीचा सण आला. त्या गावची सुगी म्हणजे मासळी. प्रार्थनाघरात जाळी टांगतात आणि सगळ्या पंथांचे लोक एकत्र जेवतात. जाळं टांगायचा मान सर्वांत म्हाताऱ्या कोळ्याचा, म्हणून जेबेझना यावंच लागलं. थिर्झाबाईंनी मलाही तिथे नेऊन टेबलावर मांडलं होतं. मला पाहताच ते भडकले.

"फादर, तुम्ही तरी हिला समजवा!"

कॅथलिक फादर कोनेलन म्हणाले, "आमची हरकत नाही, जेबेझ. शरीर कसंही घडो, आत्मा देवानं दिला एवढं मानलं की झालं."

"म्हणजे तुम्हीही तिकडचेच! अहो, माझा आजा माकड नव्हता."

"नव्हते, बाबा," थिर्झाबाई म्हणाल्या. "पण हट्टी मात्र खेचरासारखे होते म्हणे."

सगळे हसले. जेबेझ हसले नाहीत. त्यांनी मला उचलून माझ्या डोक्यावर अंगठा फिरवला.

"हे डोकं माणसानं कोरलंय. साप नव्हताच हा."

"मग काय होता, बाबा?"

त्यांनी मला परत टेबलावर ठेवलं. "ते मला ठाऊक नाही. पण सहा दिवस म्हणजे सहा दिवस!"

"बरं, असू द्या. सूप निवतंय."

"निवतंय तर वाढ की!"

आणि ते लेकीशेजारी बसले. माझा जीव भांड्यात पडला.

आता थिर्झाबाई मुलांना कोट्यवधी वर्षं सांगतात आणि मागच्या बाकावरून जेबेझ ओरडतात, "सहा दिवस!" मग दोघं एकत्र घरी जेवायला येतात.

मित्रांनो, जुने दगड जपा. पण ज्याचं मत पटत नाही, त्या आपल्या माणसाला आधी जपा. मी कोट्यवधी वर्षं थांबू शकलो. म्हातारे वडील तेवढे थांबत नाहीत.