येऊनच सांगते

भावाच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं सस्पेन्स आत्या. पाव किलो मिरच्या आणल्या तरी पिशवी पाठीमागे धरून ही म्हणणार, "ओळखा." स्वतःचं लग्न ठरल्याची बातमीसुद्धा तिने सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत तोंडात धरून ठेवली होती. "हिच्याकडून बातमी काढणं म्हणजे अक्कलदाढ काढणं," दादा म्हणायचा. ती हसायची. जरा ताणल्याशिवाय गोष्टीला चव कसली?

नोकरी मात्र अशी, की तिथे ताणायची सोय नाही. रक्ता-मांसाच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत ती रिपोर्टांच्या खिडकीत बसायची. खिडकीबाहेर माणसं जीव टांगणीला लावून उभी असत. तिथे त्याला कुणी सस्पेन्स म्हणत नसे. फोनवर बोलायची तिथली एक रीत होती. रिपोर्ट चांगला असला की सांगायचं, "सवडीने घेऊन जा." वाईट असला की, "फोनवर नको, येऊनच बोलू." नेहमीची माणसं एवढ्यावरून काय ते ओळखत. दादाच्या घरीही सगळ्यांना ही रीत पाठ होती, कारण जेवताना तिनेच कितीदा रंगवून सांगितली होती.

वहिनीच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आठ दिवसांपूर्वी तिथेच तपासायला गेला होता. आज सकाळी दहाला रिपोर्ट आला. काही नव्हतं, साधी गाठ. आत्याचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ जीभ वळवळली. तिने फोन लावला.

"रिपोर्ट आला गं वहिनी."

"काय आहे?"

"फोनवर नको. संध्याकाळी येऊनच सांगते."

पलीकडे काही क्षण शांतता. मग वहिनी म्हणाली, "बरं."

त्या शांततेवर आत्या दिवसभर खूश होती. कसं ताणलं! संध्याकाळी तिने केक घेतला आणि बसमध्ये मनातल्या मनात घोकत आली: आधी चेहरा पाडायचा, मग हळूच खोका पुढे करायचा.

दार उघडंच होतं. दादा पायांतले बूटही न काढता खुर्चीत बसला होता. दुपारीच कामावरून परत आलेला. वहिनी शेजारी, हात मांडीवर. खिडकीपाशी बावीस वर्षं जिथे वहिनीचं शिलाई मशीन होतं, तिथे फरशीवर चार गोल डाग तेवढे उरले होते.

"मशीन कुठे गेलं?"

"समोरचीला दिलं." समोरची म्हणजे समोरच्या इमारतीतली, वहिनीकडे शिवण शिकणारी बाई. "म्हटलं, माझ्यानंतर गंजत पडायचं. चालवणारीच्या हातात जाऊ दे. आता सांग. मी तयार आहे."

बसमध्ये घोकलेलं काहीच आत्याने केलं नाही. खोका पाठीमागेच राहिला.

"काही नाही वहिनी. साधी गाठ आहे. मला सकाळी दहालाच कळलं होतं."

"दहाला," दादा म्हणाला. बस्स, एवढंच. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक गाठ त्याला किती वेळ सुटेना.

वहिनी रडली, हसली, पुन्हा रडली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "पाठीमागे काय लपवलंयस? केक ना?"

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं. आत्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मशीन परत आणू या," ती म्हणाली.

"दिलेलं मागतात का? सुखी राहा म्हणाले मी तिला. आता कुठल्या तोंडाने मागू?"

"तू नको. हे तोंड कशाला आहे?"

समोरचीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती. मशीन दिव्याखाली मांडलेलं, सुईत दोरा, सुईखाली कापड. भिंतीला टेकवून एक पुठ्ठा: 'कपडे शिवून मिळतील'. शाई अजून ओली दिसत होती.

"आत्या, काय आला हो रिपोर्ट?"

जिभेला सवय फार वाईट. क्षणभर ती अडली. मग आत्या एका दमात म्हणाली, "चांगला आला. वहिनीला काही झालेलं नाही. मी मशीन परत न्यायला आलेय. चूक माझी आहे, तिची नाही."

पहिल्या वाक्याला समोरचीने खरोखर हात जोडले. तिसऱ्याला तिने पुठ्ठा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"एवढी शिवण संपवू?"

"संपव."

शिवण वीतभर होती. तिने ती सावकाश घातली. आत्या उंबऱ्यात उभी राहून एकेक टाका ऐकत राहिली. घाई कर म्हणायचा हक्क तिला नव्हता.

दोरा तुटला. मशीन जड होतं. एका बाजूने समोरचीने धरलं, दुसऱ्या बाजूने आत्याने. दोघी जिना उतरू लागल्या.

"पायरी बघून," समोरची म्हणाली.

आत्याला तिच्याकडे बघवत नव्हतंच. ती पायऱ्याच बघत उतरली.