झाकण उचलू नये

या, अशा जवळ येऊन बसा, खुर्ची शेगडीकडे ओढून घ्या. एका टर्कीची आणि तिच्या नावाखाली घरात अडकून पडलेल्या एका गळ्याची गोष्ट सांगते.

आमच्या दरीत नाताळच्या पहाटे चॅपेलमध्ये प्लगाइन असते, म्हणजे नाताळगीतांची उपासना. वाद्य नाही, कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. पाळीपाळीने दोघं-तिघं आपणहून उठतात, पुढे जाऊन गातात आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसतात. एरवी रविवारी आमचे पाळक प्रवचन देता देता गाऊ लागले की माझे डोळे आपोआप मिटतात. पण प्लगाइनला अख्खं गावच प्रवचन गातं. त्यात आमचं तिघांचं एक गाणं असायचं. मी, म्हातारा इद्वल आणि शेजारची एलिनेद. खालचा सूर एलिनेदचा. तो नसला की गाणं लंगडतं.

आणि तो कित्येक नाताळ नव्हता. कारण विचाराल तर टर्की. एलिनेदची आई, मार्गेदमावशी, नव्वदीची. त्यांच्याकडे पहाटेच अख्खा पक्षी ओव्हनमध्ये जायचा, आणि सुटलेली चरबी चमच्याने पुन्हा पुन्हा त्याच्यावर घालायला कुणीतरी हवं. "पेटता ओव्हन टाकून कुणी गाणी म्हणायला जातं का?" मावशी विचारायची. खाणारी तोंडं दोनच उरली, तरी पक्षी अख्खाच.

म्हणून यंदा मी आणि इद्वलने एलिनेदला स्लो कुकर दिला, तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं. खाटकाकडून हाडं काढलेला, जाळीत आवळून बांधलेला टर्कीचा बेताचा तुकडा आणला. खाली कांदे-गाजरं पसरायची, वर लोणी चोळलेलं मांस ठेवायचं, काचेचं झाकण लावायचं आणि दुपारपर्यंत विसरून जायचं. झाकण उचलायचं नाही, एवढाच नियम. उचललं की कोंडलेली ऊब जाते आणि जेवण अर्ध्या तासाने लांबतं.

नाताळच्या पहाटे मी गाडी घेऊन दाराशी गेले. एलिनेद कोट घालून तयार होती. मावशी मात्र स्वयंपाकघरात खुर्ची थेट कुकरपाशी लावून बसली होती.

"नेस्टा, ही तुमची पेटी धड तापतसुद्धा नाही," ती मला म्हणाली. "मांस शिजायच्या आत मीच जाईन वर."

"मावशी, ती हळूच शिजवते. आपण हात लावायचा नाही, एवढंच आपलं काम."

"तेवढं एकच काम मला जन्मात जमलं नाही."

आम्ही हसलो. एलिनेद गळ्याभोवती मफलर गुंडाळायला वळली आणि मागे काच वाजली. वाफ छताकडे निघाली होती.

"बघत होते नुसती," मावशी म्हणाली.

"आई, आता अर्धा तास वाढला."

"वाढू दे की. आपल्याला कुठे जायचंय?"

एलिनेदने झाकण नीट बसवलं, आईच्या मांडीवर शाल पसरली, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि ती माझ्यामागोमाग बाहेर पडली. आम्ही फाटकापर्यंत पोचलो असू. पुन्हा काच वाजली.

"वाजू दे," मी म्हटलं. "उशिरा जेवाल, दुसरं काय?"

"हात कापतो गं तिचा. मागच्या महिन्यात किटलीने मनगट भाजून घेतलं." ती परत फिरलीही होती.

मग मला सुचलं ते मी आत जाऊन बोलून टाकलं. "मावशी, मी कुकरच घेऊन जाते. चॅपेलच्या मागच्या खोलीत चहाच्या किटल्या लावतात, तिथे लावू. तुम्हीही चला. खुर्ची मावते गाडीत, घोंगडं आहे. किटल्यांपाशी उबेत बसा, मांसावर डोळा ठेवा आणि गाणीही ऐका."

मावशीने कुकरकडे पाहिलं.

"मी नाही यायची त्या गारठ्यात," ती म्हणाली. "कुकर ने हवा तर. पोरगी राहील."

साठी ओलांडलेली पोरगी दारात उभी होती. कुकरमधली बारीक कुजबुज तेवढी ऐकू येत होती. आपण काय बोललो ते मावशीच्याही ध्यानात आलं असावं. तिने हात पदरासारख्या ओढलेल्या शालीखाली घेतले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर अजून अंधारच होता.

एलिनेदने कोटाची बटणं एकेक करून सोडली.

मला सोडायला ती दाराबाहेर आली. मी हळू आवाजात म्हटलं, "चल गं. इद्वलच्या सुनेला बसवते इथे."

"कुणालाही बसवलंस तरी ती दाराकडेच बघत बसेल." मग जरा थांबून म्हणाली, "आधी निदान टर्कीचं नाव सांगता यायचं, नेस्टा."

चॅपेलमध्ये आमची वेळ झाली तसे मी आणि इद्वल उठलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून उभे राहिलो. दुसऱ्या कडव्यात इद्वलने खालचा सूर धरून पाहिला, तो त्याला पेलला नाही. माझा वरचा एकटाच चालत राहिला. कसंबसं शेवटपर्यंत नेलं. प्लगाइनमध्ये कुणी कुणाला बरं-वाईट म्हणत नाही, तसंच आम्हालाही कुणी काही म्हटलं नाही.

त्यांचं जेवण चहाच्या वेळेला झालं. मी डोकावले तेव्हा मांस चमच्याने सुटत होतं.

"मऊ झालंय," मावशी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाली. "पण ओव्हनची चव नाही."

एलिनेद पाठमोरी भांडी घासत होती. पूर्वी भांडी घासताना ती गुणगुणायची. मी कान देऊन उभी राहिले. नळाचं पाणी तेवढं वाजत होतं.

इतकीच गोष्ट. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा एलिनेदचं नाव घ्या. मार्गेदमावशीचंही घ्या, तिलाही त्या घरातून बाहेर पडता येत नाही. पण आधी एलिनेदचं.