पस्तीस इंची चाकं

ज्याला उतरता येत नाही त्याने मोठी चाकं लावावीत, असं माझा नवरा हार्लन गेली एकतीस वर्षं नाकाने कांदे सोलत सांगत आला आहे. टोमणा असायचा ऑगी लिंडक्विस्टला. ऑगी नदीपलीकडे राहतो आणि त्याच्या छोट्या विमानाला भोपळ्यासारखी फुगलेली पस्तीस इंची चाकं आहेत. हार्लन रेडिओवर त्या विमानाला ट्रॅक्टर म्हणतो. ऑगी म्हणतो, तुझ्या विमानाला चाकं कुठायत, शर्टाची बटणं आहेत. अलास्कातला हिवाळा लांब असतो, दोघांची तेवढीच करमणूक.

म्हणून गुरुवारी मालवाहू विमानातून हार्लनच्या नावाने पस्तीस इंची टायरचे दोन खोके उतरले, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग मी खोक्यांवरचं नाव पुन्हा वाचलं.

विमान तो उडवतो, दुरुस्त मी करते. माझ्या सहीशिवाय ते हलत नाही. त्याने सांगितलं, यंदा वरच्या पट्ट्यावर दगड फार मोठे झालेत. नदीकाठच्या त्या गोट्यांच्या पट्ट्यावर विमान उतरवून शिकाऱ्यांना नेणं-आणणं म्हणजे आमची रोजीरोटी. तिथे मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला गेलेले बाप-लेक शनिवारी परत आणायचे होते. उद्यापर्यंत चाकं बसव म्हणाला.

मी म्हटलं, अरे, वजन वाढेल, वाऱ्याला अडेल, विमान चढायला कुरकुरेल. पट्टा आखूड, टोकाला झाडं, वर मूसचं मांस. या चाकांवर तू कुठेही उतरशील, पण उठशील कसा? आपली एकोणतीस इंची काय वाईट आहेत? एरवी या विषयावर तो जेवण थंड होईपर्यंत भांडला असता. या वेळी "तू बसव, विल्डा," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

विमान लोखंडी घोडीवर चढवून मी जुनी चाकं काढली. डाव्या चाकाची कड आत चेपली होती. त्याच बाजूची धक्का झेलणारी रबरी दोरी मी मे महिन्यात नवी घातली होती. तिचे निम्मे पदर तुटले होते. उजवी बाजू जशीच्या तशी. कप बशीत ठेवावा तसा विमान टेकवणारा माणूस हा. एखादा दगड लागला असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते मला पटलं नाही.

मग मला खिडकीतले दगड आठवले. दर वर्षी बर्फ वितळून नदीचा पूर ओसरला की हार्लन वरच्या पट्ट्यावर उतरतो, चाकाखाली आलेला सगळ्यांत मोठा दगड घरी आणतो, त्यावर रंगाने साल लिहितो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. त्या दगडावरून त्या वर्षीची चाकं ठरतात. यंदाचा दगड जूनमध्ये आला होता. मी उचलून पाहिला. माझ्या मुठीत मावला. गेल्या वर्षीचा याहून मोठा होता.

तो दगड मी विमानाच्या शेडमध्ये नेला आणि हार्लनला हाक मारून त्याच्यासमोर टायरच्या खोक्यावर ठेवला.

हार्लनने दगडाकडे पाहिलं. बघताना त्याने मान किंचित डावीकडे वळवली. उन्हाळाभर तो असाच मान वळवून बघत होता. मला वाटलं होतं, मान आखडली असेल.

"डावा डोळा," तो म्हणाला. "मधोमध काळा डाग. जमीन कुठे आहे ते मला चाक आपटल्यावर कळतं."

"कधीपासून?"

"जुलै."

जुलैपासून त्याने किती माणसं नेली, ते मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

"पस्तीसची चाकं मऊ असतात, विल्डा. आपटलं तरी जाणवत नाही. एवढा मोसम निघून जाईल." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या आठवड्यात विमानात बसलेल्या एका पोरीने विचारलं, नेहमी असंच आपटतं का? मी हो म्हणालो."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. हात ग्रीसने माखले होते.

"मोठी चाकं दगड पचवतात. डोळा देत नाहीत," मी म्हटलं. "मी बसवणार नाही. जुनीही परत चढवणार नाही."

"आणि ते बाप-लेक?"

नदीपलीकडे कोण राहतं ते त्याला ठाऊक होतं. ऑगीला मीही बोलावू शकले असते, पण ते काम हार्लनचं होतं. मी विमान तसंच घोडीवर ठेवून हात धुवायला गेले.

परत आले तेव्हा तो शेडमधल्या रेडिओजवळ उभा होता. माईक हातात घेऊन ठेवला, पुन्हा घेतला. मग बोलला, "ऑगी, शनिवारी तुझा ट्रॅक्टर मोकळा आहे का? वरच्या पट्ट्यावर माझी दोन माणसं आहेत."

पलीकडे खरखर. आता ऑगी एकतीस वर्षांचा हिशेब चुकता करणार म्हणून मी दात आवळून उभी राहिले. हार्लनचं उडणं संपलं होतं, ऑगीला अशी दुसरी संधी मिळणार नव्हती.

"किती वाजता?" ऑगीने विचारलं.

हार्लनने वेळ सांगितली. ऑगी बरं म्हणाला, आणि रेडिओ गप्प झाला.

माईक जागेवर लटकवायला हार्लनला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. मग तो खोक्यावर, त्या दगडाशेजारी बसला.

"त्याने टोमणा मारायला हवा होता," तो म्हणाला.