ऐनाचं लोढणं

"अवो, त्याचा गळा काय दावणीचा खुंटा हाय?" हौसा ओट्यावरून ओरडली. "केवढा ओंडका बांधताय!"

चांगोनं गाठ ओढून पाहिली. लोढणं ऐनाच्या लाकडाचं, हातभर लांब. काजळ्या कुत्रा दोन पावलं चालला, लाकूड गुडघ्यांवर आदळलं, आणि तो खाली बसून धन्याकडे पाहू लागला. काहीतरी चुकलंय आणि ते आपलंच चुकलं असणार, असा त्याचा चेहरा.

लढाईच्या दिवसांत घाटाखाली पडलेली पलटणीची छावणी उठून गेली. तिच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री मात्र मागं राहिली; त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. ती रानात शिरली आणि भरदिवसा शेळ्या फाडू लागली. पंधरवड्यात अकरा गेल्या. मग गावदेवीपुढं बैठक बसली. गावातली कुत्री त्या टोळीला फितूर होतात, सबब प्रत्येकाच्या गळ्यात लोढणं घालावं, असं भिमा पाटलांनी ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावली की काम झालं असं धरतात. पाटलांचं कुत्रं पाटलांचं, ते यातून सुटलंच. चहूकडं जंगल असून शेजारच्या कमळूला लाकूड मिळालं नाही. लोढणं चढलं ते एकट्या काजळ्याच्या गळ्यात.

चांगो गावच्या शेळ्या राखी. बापानंही गावच्याच राखल्या होत्या. "चांगोचंच कुत्रं फितूर हाय," अशी कुजबुज कानावर आली होती. ती वाढली तर कळप दुसऱ्याच्या काठीखाली जायचा.

"रानात गेल्यावर तरी सोडा," हौसा म्हणाली.

"गावानं ठरवलंय गो. मी कसा मोडू?"

"पाळलंय कुणी?"

"म्हणूनच. कुणीतरी पाळाय नको?"

तिसऱ्या दिवशी दुपारी माळावर टोळी आली. सात कुत्री, दोन बाजूंनी. शेळ्या उधळल्या. बाईजाकाकीची पांढरी शेळी मागं राहिली, आणि काजळ्या लाकूड ओढत तिच्या आड जाऊन उभा राहिला. एरवी त्यानं टोळीला माळभर पळवलं असतं. आता पळता येत नव्हतं, म्हणून तो उभा राहिला. चांगोच्या कमरेला कोयता होता. दोराला एक घाव पुरला असता. पण तिकडं जायचं तर बाकीच्या शेळ्या सोडाव्या लागत होत्या.

त्यानं शेळ्या वळवल्या. करवंदीच्या जाळीशी त्या गोळा करून, दगड मारत तो परतला, तेव्हा पांढरी उभी होती. काजळ्या नव्हता उभा.

संध्याकाळी वेशीत मोजणी झाली. त्रेचाळीस. पुऱ्या.

"बघा!" पाटील म्हणाले. "लोढण्याचा गुण! एक शेळी गेली नाय."

लोकांनी माना डोलावल्या. बाईजा आपल्या शेळीभोवती फिरली.

"चांगो, हिच्या पाठीला रगत कसलं रे? कुत्री चावली का काय?"

"नाय काकी. तिचं नाय ते."

"मंग कुणाचं?"

"मोजणीतलं नाय."

"मंग धुऊन तरी आणायचीस! अशी घरात घेऊ होय?"

"आणतो," चांगो म्हणाला.

त्यानं पांढरीला ओहोळावर नेलं. रक्त वाळलं होतं. मूठभर गवत घेऊन तो हलक्या हातानं चोळत राहिला, ओंजळीनं पाणी घालत राहिला. शेळी मुकाट उभी होती. पाठ केव्हाच स्वच्छ झाली, तरी त्याचं पाणी घालणं थांबेना.