सासूबाईंनी जोडलेला कॉम्प्युटर

सासूबाईंना कोणाचाही बंद पडलेला कॉम्प्युटर टाकवत नसे. त्याचे सुटे भाग काढून त्या पलंगाखाली ठेवायच्या. सासरे म्हणायचे, "आता भंगारात जायचा मीच तेवढा राहिलोय!"

मी घरांचे नकाशे काढते. एका सकाळी माझा कॉम्प्युटर जळाला आणि दुपारी साहेबांना नकाशे दाखवायचे होते. साहेबांना फोन करून तसं कळवलं आणि मला रडूच कोसळलं.

"आधी डोळे पूस," म्हणत सासूबाईंनी सीपीयूचा एक जुना डबा ओढला. त्यात कोणाचा पंखा, कोणाची मेमरी बसवली, माझी हार्ड डिस्क जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. नकाशे जसेच्या तसे होते!

"नवीन कॉम्प्युटर घेतलास?" दुपारी नकाशे पाहून साहेबांनी फोनवर विचारलं.

"छे! माझ्या सासूबाईंनी घरी बनवलाय," मी ऐटीत सांगितलं.

"आणखी दोन होतील म्हणावं," सासूबाई मागून म्हणाल्या.